पस्तीस मिनिटांची पाचर

तीन वेळा अलाइनमेंट करून आलेली हॅचबॅक. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग डावीकडे कललेलं आणि मागच्या उजव्या टायरची बाहेरची कड खाल्लेली. त्या टायरवर बाहेरून आत हात फिरवला तर गुळगुळीत, आतून बाहेर आणला की बोटाला धार लागते. म्हणजे टो-इन, चाकाचं पुढचं तोंड आत वळलेलं असणं, जास्त. मशीन न लावताही हे कळतं. पण तिन्ही ठिकाणी पुढचीच चाकं बॉडीच्या मध्यरेषेला जुळवून बिल फाडलं होतं. मागे सेन्सर लावायचे कष्ट कोण घेणार!

चारही चाकांना सेन्सर लावले. मागचं डावं चाक 14 मिनिटं (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) आत, उजवं 50. फरकाच्या निम्मा, म्हणजे 18 मिनिटांचा थ्रस्ट अँगल. मागची चाकं गाडीला तिरकी ढकलत होती आणि स्टिअरिंग ते निस्तरत होतं.

मागे ट्विस्ट बीम, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा बीम. चाक ज्यावर फिरतं तो स्टब एक्सल चार बोल्टनी थेट बीमच्या फ्लँजवर, म्हणजे टोकाच्या सपाट पट्टीवर, त्यामुळे फिरवायला काहीच नाही. बुश, बेअरिंग तपासले, स्टब बदलून पाहिला, आकडा हलेना. फ्लँजच वाकलेला. खरा उपाय नवा बीम. किंमत ऐकून मालक गप्प. बीमला गॅस लावून ठोकून देणारे आहेत, पण वेल्डशेजारची तापवलेली पोलादी पट्टी पुढे कशी वागेल याची हमी कोण देणार? ते काम आम्ही करत नाही.

राहिली शिम, म्हणजे फ्लँजवर घालायची पातळ पाचर. 35 मिनिटं कमी करायची, फ्लँजची रुंदी 90 मिलिमीटर. उतार निघतो 0.9 मिलिमीटर. तयार शिम मिळाली नाही म्हणून पोलादी पट्टीतून मिलिंगवर काढून घेतली: एका कडेला 1.9, दुसऱ्या कडेला 1.0. जाड कड गाडीच्या पुढच्या बाजूला, म्हणजे चाकाचं तोंड बाहेर वळतं. कॅम्बर, म्हणजे चाकाचा वर-खाली कल, हद्दीत होता, नाहीतर वर-खालीही उतार द्यावा लागला असता. काही जण पुढच्या दोन बोल्टांत वायसर घालतात. मग फ्लँज मधे पोकळ राहतो, बोल्टावर वाकवणारा ताण येतो आणि तो ढिला होतो. शिमने पूर्ण तोंड भरलंच पाहिजे.

शिम बीम आणि ब्रेकड्रमची बॅकप्लेट (ब्रेकशू धरणारी तबकडी) यांच्या मधे घालायची. बॅकप्लेट आणि स्टबच्या मधे घातली तर ड्रम तिरका होऊन ब्रेकशू एका बाजूने घासतात. बॅकप्लेट तारेने बांधून ठेवली, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू दिली नाही. फ्लँजवरचा गंज आणि रंग तासून काढला, 0.2 मिलिमीटरचा पापुद्राही इथे सात-आठ मिनिटं खातो. जाडीमुळे दीड आटा कमी पकडला जात होता, म्हणून 5 मिलिमीटर लांब बोल्ट घेतले. ते आत कुठे टेकत नाहीत ना, हे आधी हाताने फिरवून पाहिलं. एबीएस सेन्सरचं अंतरही तपासलं.

गाडी दाबून बसवली, थोडी चालवून आणली, पुन्हा मोजली: डावं 14, उजवं 16. मग टाय रॉड फिरवून पुढची चाकं जुळवली. स्टिअरिंग सरळ.

तरी मन खात राहतं. फ्लँज ज्या धक्क्याने वाकला तो वेल्डलाही बसला असणार. पेनिट्रंट डाय, म्हणजे भेगेत शिरून ती दाखवणारा रंग, टाकून पाहिला, भेग दिसली नाही. बोल्टांच्या डोक्यांवर रंगाच्या रेघा ओढल्या आहेत. त्या सरकल्यात का ते बघायला हजार किलोमीटरनंतर गाडी बोलावली आहे.