रजेचं कारण

जर्मनीत, स्टुटगार्टला हिवाळ्यात पहाटेचे साडेतीन म्हणजे नाशकात सकाळचे आठ. गेले काही महिने नेमके तेव्हाच माझे डोळे टक्क उघडतात. रात्री झोप पटकन लागते, पण एकदा जाग आली की डेडलाइन, मॅनेजरचे ईमेल आणि काहीच नको वाटणं. मग आईला फोन. ती मेथी निवडता निवडता म्हणायची, "पित्त वाढलं असेल, आवळासुपारी खा."

शेवटी इथल्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, सकाळी मन जास्त जड असतं आणि संध्याकाळपर्यंत जरा हलकं होतं का? अगदी तसंच होत होतं! उदासपणात अशी अवेळी जाग येते, म्हणाल्या. थायरॉइडसाठी रक्त घेतलं, जाग आल्यावर घड्याळ बघू नका, अंथरुणात तळमळत पडू नका असं सांगितलं आणि आजारपणाची रजा लिहून दिली.

या रजेनेच मला हे लिहायला बसवलंय. कंपनीला आजाराचं नाव कळतच नाही! 2023 पासून बहुतेकांना कागदही द्यावा लागत नाही. डॉक्टर विमा संस्थेला ऑनलाइन कळवतात आणि कंपनीला तिथून फक्त तारखा दिसतात, कधीपासून कधीपर्यंत. 6 आठवड्यांपर्यंत पगार पूर्ण. मॅनेजरचं उत्तर एका ओळीचं: लवकर बरे व्हा.

नाशकात अंबड एमआयडीसीत नोकरी करायचो तेव्हाही अशीच जाग यायची. तिथे "मन लागत नाही" म्हणून कोणी रजा मागितली असती, तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या कॅन्टीनला कळलं असतं. त्यामुळे सगळ्यांना व्हायरलच व्हायचा. "परदेशात एकटं राहिलं की असंच होणार" म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हे जरूर वाचावं.

अर्थात इथे सगळंच छान आहे असं नाही. थेरपिस्टची वेळ मिळायला महिनोन्महिने जातात. आपल्याकडे ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे; फुकट, चोवीस तास, आणि मराठीतून बोलता येतं. इथल्या सहकाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगितलं.

आईलाही आता खरं काय ते सांगितलंय. ती म्हणाली, "मग इकडेच ये ना. रोज सोमेश्वरला फिरून आलास की बरं वाटेल." वाटेलही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा एमआयडीसीचं गेट गाठायचं, आणि तिथल्या रजेच्या अर्जात कारणाचा रकाना असतोच. तो मला सध्या भरायचा नाही, म्हणून मी इथे आहे.