पुस्तक एक घ्या, जोडीला काम एक घ्या

गुंतवणूक, तंत्रज्ञान आणि स्वतःला घडवणं या विषयांवरच्या पुस्तकांच्या याद्यांना तोटा नाही. अप्पा बळवंत चौकात गेलं की पिशवीभर पुस्तकं घ्यावीशी वाटतात. माझा आग्रह असा की एकच घ्या आणि ते वाचताना हाताने करायचं एखादं काम त्याच दिवशी ठरवा. वाचलेलं पडताळून पाहिलं नाही तर ते चार दिवसांत डोक्यातून उतरतं.

गुंतवणुकीसाठी बेंजामिन ग्रॅहम यांचं 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर' अजूनही पहिलं. हे १९४९ चं पुस्तक, आणि ग्रॅहम यांनी केलेली शेवटची सुधारित आवृत्ती १९७३ ची. नवा वाचक सुरुवातीच्या प्रकरणांतच अडकतो, कारण महागाई आणि त्या काळातले अमेरिकी रोखे यांची चर्चा लांबते. म्हणून क्रम बदला. आधी आठवं प्रकरण, बाजाराच्या चढउतारांवरचं. मग शेवटचं विसावं, शेअरचं मूल्य आणि आपण मोजलेली किंमत यांत सुरक्षिततेसाठी राखायच्या फरकाबद्दलचं. त्यानंतर पहिलं. वॉरन बफे यांनीही प्रस्तावनेत आठ आणि वीस याच दोन प्रकरणांवर बोट ठेवलं आहे.

जोडीला एखाद्या कंपनीचे वार्षिक अहवाल घ्या. पुणेकरांना इथे एक सोय आहे. थरमॅक्स, भारत फोर्ज, बजाज ऑटो, पर्सिस्टंट यांच्या धंद्यातलं कळणारं कुणी ना कुणी नात्यात किंवा सोसायटीत निघतंच. (शेअर घ्या असं म्हणत नाही, अहवाल वाचा म्हणतो.) कंपनीच्या संकेतस्थळावर ते फुकट असतात. एका अहवालात दोन वर्षांचे आकडे असतात, त्यामुळे पाच वर्षांसाठी एकाआड एक असे तीन अहवाल पुरतात.

सुरुवातीची गुळगुळीत छायाचित्रं आणि अध्यक्षांचं मनोगत सोडून थेट एकत्रित ताळेबंदाच्या भागात जा. आकडे लाखांत आहेत की कोटींत, हे पानाच्या डोक्यावर बघा. जुन्या आणि नव्या अहवालात हे बदललेलं असलं तर सगळी बेरीज शंभर पटीने चुकते. आता वहीत दोनच ओळी मांडा: पाच वर्षांचा निव्वळ नफा आणि त्याच पाच वर्षांत धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड, म्हणजे 'कॅश फ्लो फ्रॉम ऑपरेटिंग अ‍ॅक्टिव्हिटीज'. दोन्हींची बेरीज करा. रोकड नफ्याच्या बरीच मागे असेल तर पैसा कुठेतरी अडकलाय. बहुतेक वेळा तो ग्राहकांकडच्या उधारीत किंवा गोदामातल्या मालात सापडतो. एका वर्षावरून निष्कर्ष काढू नका, मोठी ऑर्डर मार्चअखेर गेली तरी आकडा हलतो. आणि ही कसोटी बँकांना किंवा कर्ज देणाऱ्या कंपन्यांना लावू नका. कर्जवाटप हाच त्यांचा धंदा असल्याने दिलेलं कर्ज याच रकान्यातून वजा होतं. नंतर 'कंटिंजंट लायबिलिटीज' (पुढेमागे अंगावर येऊ शकणारी देणी) आणि 'रिलेटेड पार्टी' (कंपनीशी संबंधित माणसं आणि संस्था) या दोन टिपा वाचा. त्या शेवटी बारीक अक्षरांत असतात, आणि प्रवर्तकांच्या दुसऱ्या कंपन्यांना किती पैसे गेले ते तिथेच कळतं.

शेअर निवडायचेच नसतील तर म्युच्युअल फंडाच्या खर्चाचं गणित तरी स्वतः मांडा. महिन्याला १०,००० रुपये, २० वर्षं, परतावा वर्षाला १२ टक्के धरला तर सुमारे ९९.९ लाख होतात. खर्चापोटी एक टक्का जास्त गेला आणि परतावा ११ टक्क्यांवर आला तर सुमारे ८७.४ लाख. म्हणून रेग्युलर (मध्यस्थामार्फत घ्यायचा) आणि डायरेक्ट (थेट फंडाकडून घ्यायचा) प्लॅनचं खर्चाचं प्रमाण शेजारीशेजारी ठेवून बघायचं. डायरेक्ट प्लॅन जानेवारी २०१३ पासून आहेत.

तंत्रज्ञानात चार्ल्स पेटझोल्ड यांचं 'कोड' घ्या, १९९९ चं. दुसरी आवृत्ती २०२२ ची. टॉर्च आणि मोर्सच्या खुणांपासून सुरू होऊन ते तुम्हाला अख्ख्या संगणकापर्यंत नेतं, आणि मधली एकही पायरी गाळत नाही. इतकं प्रामाणिक पुस्तक या विषयात क्वचित मिळतं. रिलेपर्यंत, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचपर्यंत, आलात की थांबा आणि पुण्यातली इलेक्ट्रॉनिक सामानाची तपकीर गल्ली गाठा. ५ व्होल्टचे दोन साधे रिले, चार एए सेलचा होल्डर, दोन पुशबटणं, एक एलईडी, ३३० ओहमचा रेझिस्टर आणि थोडी वायर, एवढंच लागतं. तयार मॉड्यूल घेऊ नका, त्यातला ट्रान्झिस्टर नेमकं बघायचं तेच झाकतो.

रिलेला पाच पाय असतात. मल्टिमीटर लावा: ज्या दोन पायांत सुमारे ७० ओहम दिसतात ती कॉइल. उरलेल्या तिघांत कॉइलला वीज नसताना जोडलेले दोन म्हणजे कॉमन आणि एनसी (नॉर्मली क्लोज्ड), सुटा राहिला तो एनओ (नॉर्मली ओपन). कॉइलला वीज दिल्यावर एनओशी जोडला जातो तो कॉमन. प्रत्येक बटणाने एक कॉइल चालवा. एलईडी आणि रेझिस्टर एकापाठोपाठ जोडून त्यांची वाट पहिल्या रिलेच्या कॉमन-एनओमधून, मग दुसऱ्याच्या कॉमन-एनओमधून न्या. दोन्ही बटणं दाबली तरच दिवा लागतो. हे झालं 'अँड' गेट. उलटंच घडत असेल तर एनओऐवजी एनसी पाय धरलाय. काहीच लागत नसेल तर आधी एलईडी फिरवा, लांब पाय धन बाजूला हवा. हे रिले ब्रेडबोर्डवर नीट बसत नाहीत, पायांना वायर डाखून (सोल्डर करून) घ्या. मग कॉइलचा पुरवठा तिच्याच एनसीमधून द्या. रिले स्वतःलाच भराभर चालू-बंद करत गुणगुणायला लागेल, आणि संगणकाचं 'क्लॉक' म्हणजे काय ते कानांना कळेल.

स्वतःला घडवण्यासाठी नव्या पुस्तकांआधी दासबोधाचा एकोणिसावा दशक वाचा. पहिल्या समासात लेखनक्रिया आहे: अक्षर कसं असावं, ओळी कशा सरळ याव्यात, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं कसं दिसावं. सवयीवर याहून नेमकं लिहिलेलं फार थोडं आहे. तिसरा समास करंटलक्षणाचा, चौथा सदेवलक्षणाचा, म्हणजे भाग्यवंताच्या लक्षणांचा. लिहिता-वाचता न येणं, विचारता न येणं, हिशेब न राखणं ही समर्थांनी करंटेपणाची लक्षणं म्हणून मोजली आहेत. तिसऱ्या समासातली आपल्याला लागू पडणारी तीन लक्षणं वहीत उतरवा, ते लक्षण त्या दिवशी दिसलं का, याचं उत्तर रोज रात्री त्यांपुढे हो किंवा नाही असं लिहा. तीनपेक्षा जास्त घेऊ नका, आठवड्यात वही बंद पडते. महिन्याने जिथे 'नाही' जास्त आलेत ते लक्षण खोडा आणि चौथ्या समासातलं एक त्या जागी घ्या.