बाबांचे आचार्य झाले

माझे वडील आचारी होते. वाई आणि आसपासच्या गावांत लग्न, मुंज, कृष्णाबाईच्या उत्सवाचा प्रसाद, काहीही असो, चुलाणापाशी बाबा. त्यांच्या आठवणी मी २०११ पासून आमच्या मराठी संस्थळावर लिहितोय. १४६ लेख झाले. संस्थळाच्या भाषेत फालतू धागे काढण्याला ‘जिलब्या पाडणं’ म्हणतात. मी खऱ्या जिलब्या पाडणाऱ्याचा मुलगा, त्यामुळे हा टोमणा मला कधी लागला नाही.

गेल्या महिन्यात संस्थळाचं रूप बदललं. सकाळी चहा घेऊन बसलो तर समोर मोठमोठे फोटो आणि ‘सध्या गाजतंय’ नावाची पट्टी. असू दे म्हटलं, नव्या पोरांना आवडत असेल. मग माझा मठ्ठ्यावरचा लेख उघडला.

त्या लेखाखाली साठेक प्रतिसाद होते. मठ्ठ्यात आलं किसून घालायचं की वाटून, यावर आठवडाभर भांडण चाललं होतं. कराडच्या एक काकू एकट्या सगळ्यांना पुरून उरल्या होत्या. लेखापेक्षा ते भांडणच चवदार होतं, हे मीही मान्य करतो. पूर्वी प्रतिसाद आले तसे एकाखाली एक दिसायचे, आता ज्याला जास्त ‘आवडलं’ तो वर. त्यामुळे पहिला प्रतिसाद आहे ‘अहो, उलट!’ आणि दुसरा ‘काकू, चुकलो. कान पकडले.’ काय उलट, कोण चुकलं, काही पत्ता नाही. त्यात तीन वर्षं न फिरकलेल्यांची नावं काढून सगळ्यांना ‘माजी सदस्य’ केलंय. म्हणजे माजी सदस्य माजी सदस्याला सांगतोय की माजी सदस्यांचंच बरोबर आहे.

हेही एक वेळ चालवून घेतलं असतं. पण जुन्या लेखांत पुऱ्यांच्या ‘पुर्या’ झाल्यात, कैऱ्यांच्या ‘कैर्या’. महाबळेश्वरला लग्नाचं सामान घेऊन जातानाचं एक वर्णन आहे, त्यात घाटाखाली खोल ‘दर्या’ दिसतो. आणि बाबा? ‘आचाऱ्यांना विचारा’च्या जागी सगळीकडे ‘आचार्यांना विचारा’. वाई म्हणजे विश्वकोशाचं गाव, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचं. तिथे एखादा आचार्य खपूनही जाईल. पण चौथी नापास झालेल्या माझ्या बाबांना ही पदवी कशी पेलणार?

चालकांना लिहिलं. उत्तर आलं, ‘आमच्याकडे नीट दिसतंय, ब्राउझरची कॅश साफ करून बघा.’ तीनदा साफ केली. शेवटी भाच्याने उलगडा केला. पूर्वी मी ज्या कीबोर्डवर लिहायचो त्यात ‘ऱ्य’ साठी र, हलन्त, मग एक न दिसणारं चिन्ह आणि मग य असं जायचं. त्या चिन्हाला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. ते असलं तर र आडवा होऊन य ला चिकटतो, नसलं तर रफार होऊन डोक्यावर बसतो. नव्या घरी सामान हलवताना चालकांनी ‘अनावश्यक अदृश्य चिन्हं’ कचरा म्हणून झाडून टाकली. फोनवर लिहिलेले अलीकडचे लेख बचावले, कारण फोनचा कीबोर्ड खाली टिंब असलेला ऱ वापरतो, त्याला या चिन्हाची गरज नाही.

मग म्हटलं, आपणच दुरुस्त करू. एका लेखात एका फटक्यात सगळे ‘र्य’ बदलून ‘ऱ्य’ केले. लगेच सूर्याचा ‘सूऱ्य’ झाला आणि पंगत ‘मंगल काऱ्यालयात’ बसली. आता एकेक शब्द वाचून ठरवतो. रोज दोन लेख. एखाद्या दिवशी जुना मजकूर वाचतच बसतो, मग एकसुद्धा होत नाही. त्यात दुरुस्ती जतन केली की लेख ‘नवीन’ म्हणून वर येतो, आणि कोणी ना कोणी विचारतं, ‘काका, जुने धागे का उकरताय?’

लेख होतील दुरुस्त. प्रतिसाद मात्र लोकांचे, त्यांना मला हात लावता येत नाही. आणि त्यातले बरेच जण आता माजी सदस्य, त्यांना तरी कुठे गाठायचं? गंगापुरी घाटावरच्या प्रसादाचा लेख परवा वर आला, तेव्हा त्याखाली एका नव्या मुलीने विचारलं, ‘सगळे आचार्य आचार्य म्हणतायत, तुमचे वडील संस्कृतचे प्राध्यापक होते का?’

मी लिहिलं, ‘नाही, आचारी होते.’ पाठवलं तर लाल अक्षरांत सूचना, प्रतिसाद किमान ५० अक्षरांचा हवा. मग खाली जोडलं, ‘शंभर पानांना मसालेभाताचे तांदूळ आठ किलो घ्यायचे, आणि तोंडली आदल्या रात्रीच चिरून ठेवायची.’