किलोचा भाव

२०१९ च्या मे महिन्यातली गोष्ट. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीनं, म्हणजे लोखंड ओतणाऱ्या कारखान्यानं, मला बोलावलं होतं. मी कॉस्ट अकाउंटंट. भट्टी रात्रंदिवस चालू, ऑर्डरी ढीगभर, आणि पगाराच्या तारखेला मात्र ओव्हरड्राफ्ट. "चोरी होतीया का बघा," मालक म्हणाले.

आत फिरून आलो. कोकवरची क्युपोला भट्टी केव्हाच मोडीत गेलेली, तिच्या जागी विजेवरची इंडक्शन भट्टी. धातू तपासायला स्पेक्ट्रोमीटर. २०१७ ला जीएसटी आल्यापासून बिलंही कॉम्प्युटरवर. फक्त भाव काढायचं रजिस्टर अजून दिवाणजींच्या कपाटात, लाल कापडी बांधणीचं, मालकांच्या वडिलांनी सुरू केलेलं. महिन्याचा सगळा खर्च भागिले विकलेलं वजन. आला किलोचा भाव.

मला त्याचं हसू आलं नाही. वडिलांच्या काळात ऑइल इंजिनांचे तेच तेच भाग ओतले जायचे आणि कोक किती जळला ते डोळ्यांना दिसायचं. तेव्हा हा हिशोब चोख होता. आता एका बाजूला चाळीस किलोचं काउंटरवेट, म्हणजे निव्वळ लोखंडाचा ठोकळा. दुसरीकडे अकरा किलोचं हाउसिंग, म्हणजे यंत्राचं कवच, पातळ भिंतीचं, आत पोकळीसाठी वाळूचे तीन गाभे, म्हणजे कोअर. भाव दोन्हींना एकच, ९० रुपये किलो.

चोरी काही सापडली नाही. दुपारी भट्टीवाल्यानं भडंग पुढं केलं, छापील कागदावर. शेंगदाणे बाजूला सारले तर खाली आकडे: हीट नंबर (एक हीट म्हणजे भट्टीचा एक घाणा), वेळ, वजन, युनिट. भट्टीचं पॅनल प्रत्येक हीटला लागलेली वीज छापून देत होतं.

"हे ऑफिसात जात नाही?"

"कोण मागतंय साहेब?"

कोपऱ्यातली सगळी रद्दी मी टेबलावर आणली. काउंटरवेटच्या हीटा टनाला सहाशे युनिटांच्या आसपास होत्या. हाउसिंगच्या दिवशी आकडा आठशेच्या वर. कोअर वेळेवर येत नव्हते, साचे खोळंबत होते आणि तोवर वितळलेलं लोखंड नुसतं तापवत ठेवावं लागत होतं. त्यात तेव्हा रात्री १० ते सकाळी ६ महावितरणची युनिटमागं दीड रुपया सवलत होती; पण कोअर करणाऱ्या बायका दिवसपाळीच्या, म्हणून हाउसिंगही दिवसाच. वीज खाणारं काम नेमकं महाग विजेवर.

शिवाय हाउसिंगचे शंभरातले नऊ नग रिजेक्ट.

"लोखंड कुठं जातंय? फोडून परत भट्टीतच की," मालक म्हणाले. हे वाक्य मी या धंद्यात इतक्यांदा ऐकलंय! लोखंड परत येतं हो. ते वितळवायला लागलेली वीज, कोअरची वाळू-रेझिन, बायकांची हजेरी, नग घासून साफ करणाऱ्या फेटलिंगवाल्याचा ग्राइंडर, यातलं काय परत येतं?

संध्याकाळपर्यंत दोन नगांचे दोन वेगळे कागद तयार झाले. काउंटरवेटला खर्च किलोला ७२ रुपये. हाउसिंगला ११२.

मालक बराच वेळ कागदाकडं बघत राहिले. मग दिवाणजींना म्हणाले, "काउंटरवेटची ती पुण्याची ऑर्डर किती रुपयांनं गेली?"

"सहा."

"किलोला सहा?"

"व्हय. गेल्या दिवाळीत. आपल्याला परवडत न्हाई म्हणून तुम्हीच सोडा म्हणालासा."

"आणि हाउसिंग?" मी विचारलं.

"ते काम दुप्पट झालंय. दुसरं कोण घेतच नव्हतं," दिवाणजी अभिमानानं म्हणाले. "अवघड कामाला आपलंच नाव घेत्यात." आणि बोलता बोलता थांबले.

पंखा तेवढा फिरत होता. मालकांनी मोबाइल उचलला, पुण्याचा नंबर शोधला, लावला मात्र नाही. दिवाणजींनी लाल रजिस्टर उघडून पट्टी ठेवली आणि मला विचारलं, "युनिटचा रकाना वजनाच्या अलीकडं आखू का पलीकडं?"