पोहे की पोहा?

ऑफिसातून माझं पत्र परत आलं. 'फर्निचर्स' आणि 'इन्फर्मेशन्स' या शब्दांखाली लाल रेघ. साहेब काही बोलले नाहीत. शेजारच्या टेबलावरची मुलं मात्र हसली. माझं शिक्षण सगळं हिंदीतून, इंदूरमध्येच झालेलं. चिडून भाचीचं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक मागून आणलं.

पहिल्याच धड्यात, नाउनपाशी अडले. आजोबांनी रामबागेतल्या घरी नामं शिकवली ती तीन: सामान्यनाम, विशेषनाम, भाववाचक नाम. शाळेत हिंदीच्या गुरुजींच्या संज्ञा, म्हणजे नामंच, पाच. या पुस्तकातही पाचच: प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरियल, ॲब्स्ट्रॅक्ट. मग आजोबांनी दोन गाळली की काय? नाही. 'सैन्य'सारखी समूहवाचक आणि 'सोनं', 'दूध' ही पदार्थवाचक नामं मराठी व्याकरणात सामान्यनामाच्याच पोटात असतात. हे कळायला मला आठवडा लागला, पण आजोबांची अब्रू वाचली.

प्रॉपर नाउनला पहिलं अक्षर कॅपिटल. देवनागरीत ती भानगडच नाही, त्यामुळे हात चुकतो. 'राजवाडा' म्हटलं की आम्हा इंदूरकरांना होळकरांचा तो सात मजली वाडाच दिसतो, म्हणून इंग्रजीत त्याचा 'आर' मोठा. गोष्टीतल्या कुठल्याही राजाच्या राजवाड्याला हा मान नाही.

पण माझी लाल रेघ या पाच खणांपैकी एकातही बसेना. फर्निचर तर मी रोज मोजते, चार खुर्च्या नि दोन टेबलं! भाची म्हणाली, "आत्या, वस्तू मोजता येते, पण तो शब्द मोजता येत नाही. अनकाउंटेबल आहे तो."

मला काही पटेना. पटलं ते रविवारी सकाळी, नाश्त्याला. घरात आम्ही म्हणतो, "पोहे झाले." बाहेर ठेल्यावर तोच पदार्थ, तीच शेव, तोच जिरावन मसाला, पण "पोहा बन गया." मराठीत अनेकवचन, हिंदीत एकवचन. दाणे तेवढेच! म्हणजे मोजायचं की नाही हे वस्तू ठरवत नाही, भाषा ठरवते. आपल्याला सल्ले मिळतात, बातम्या येतात. इंग्रजीत 'ॲडव्हाइस'ला एस लागत नाही, आणि 'न्यूज'च्या शेवटी एस दिसत असूनही त्याच्यापुढे 'इज'च येतं. मोजायचंच असेल तर 'अ पीस ऑफ' जोडायचं. पाच प्रकारांची नावं घोकण्यापेक्षा मला याचा उपयोग जास्त झाला. पत्रही नीट करून पाठवलं.

मग मीच भाचीला शिकवायला लागले. म्हटलं, "डोक्यावरचे केस म्हणजे हेअर, त्याला एस नाही, मोजायचं नाही."

ती बशीत बघत होती. "आत्या, पोह्यात केस आहे."

"इंग्रजीत सांग."

"अ हेअर," ती म्हणाली. "एकच आहे. हा मोजतात."