जंगल पळून जातंय का?

“भाऊ, इतली घाई काबर? जंगल काय पळी जाई ऱ्हायनं का?”

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीहून केदारकुंडाच्या वाटेवर मोळी घेऊन उतरणाऱ्या आजीबाई थांबून म्हणाल्या. मी घड्याळच बघत होतो. कुंड, पितळखोऱ्याची लेणी, अंधाराआधी चाळीसगाव, सगळं मनात मांडलेलं.

मोळी खाली ठेवून त्यांनी वर बोट दाखवलं. सागाच्या फांदीवर मोर होता. त्याच्या खालून मी नुकताच गेलो होतो, आणि मला तो दिसलाच नव्हता!

लेणी राहिली. संध्याकाळी पाटणादेवीच्या, म्हणजे चंडिकेच्या देवळात निवांत बसलो. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने कोरून घेतलेला शिलालेख इथलाच. आठशे वर्षं झाली त्याला.

आजींना साधं नावही विचारलं नाही, याची चुटपुट अजून आहे. तुम्हाला भेटलंय का कधी असं कुणी वाटेत?