सा कुठे गेला?

"ताई, तुम्ही सा धरून ठेवा म्हणता, पण तुमचाच सा दोन-तीन सेकंदांत विरून जातो. भाता मारायचं थांबवता का?"

पेटीच्या पहिल्या धड्याचा व्हिडिओ पाहून एका विद्यार्थिनीने मला हा मेसेज केला होता. मी भाता थांबवला नव्हता. तो सा मी चांगला वीस सेकंद धरला होता आणि व्हिडिओत माझा डावा हात भाता मारताना स्पष्ट दिसत होता. सूर मात्र हळूहळू मागे सरकत जायचा आणि मी बोलायला लागले की परत यायचा. हेडफोन लावून मी तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. सूर धरायला शिकवण्याच्या धड्यात सूरच नाही, हे मला फार लागलं.

कारण शोधायला आठवडा गेला. फोनमधली आवाजाची सगळी व्यवस्था माणसाचं बोलणं टिपण्यासाठी केलेली असते. बोलणं सतत बदलतं, तुटतं, पुन्हा सुरू होतं. पंखा, एसी, लांबचं इंजिन यांचा आवाज एकसारखा चालू राहतो. म्हणून जे एकसारखं चालू आहे ते गोंगाट समजून दाबायचं, असं सॉफ्टवेअर ठरवतं. पेटीचा धरलेला सा एकसारखाच असतो. तानपुऱ्याचंही तेच होतं. बोलण्यासाठी अगदी योग्य असलेली सोय आपल्या वाद्याचा नेमका गाभाच काढून टाकते.

जोडीला दुसरी एक सोय असते, ऑटो गेन. आवाज लहान झाला की ती तो आपोआप वाढवते आणि मोठा झाला की दाबते. हळू वाजवलेलं आणि जोरात वाजवलेलं एकाच पातळीवर येतं, आणि दोन ओळींच्या मधल्या शांततेत खोलीचा 'स्स्स' वर येतो.

त्यामुळे घरी धडे रेकॉर्ड करणाऱ्याला मी आधी हेच सांगते: नवीन काही विकत घेण्याआधी या दोन गोष्टी बंद होतात का ते बघा. फोनच्या कॅमेऱ्यात बहुधा होत नाहीत, पण आवाज रेकॉर्ड करणाऱ्या काही अ‍ॅपमध्ये 'नॉइज सप्रेशन' आणि 'ऑटो गेन' हे पर्याय बंद करता येतात. ऑनलाइन शिकवणी झूमवर घेत असाल तर तिथे 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' नावाची सेटिंग आहे, ती चालू करा. मी आता चित्र एका फोनवर घेते आणि आवाज दुसऱ्या, जुन्या फोनवर अशा अ‍ॅपमध्ये घेते. त्या जुन्या फोनची काच तडकलेली आहे, पण आवाजाला काचेशी काही देणंघेणं नाही.

दुसरा मुद्दा अंतराचा, आणि माझ्या मते माईकच्या दर्जापेक्षाही तो मोठा आहे. मोकळ्या जागेत माईक दुप्पट लांब नेला की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने पडतो. खोलीत घुमणारा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणून सहा फुटांवरच्या तिपाईवरचा महागडा माईकसुद्धा विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो, आणि हातभर अंतरावरचा साधा वायरचा कॉलर माईक नीट ऐकू येतो.

पेटीसाठी नेमकी जागा कोणती, हे मी एका सकाळी बसून शोधलं. एकच पलटा, सा रे ग, रे ग म, पाच जागांवरून रेकॉर्ड केला. दरवेळी आधी मोठ्याने सांगायचे, "पट्ट्यांपासून चार बोटं", "वरून एक हात", "भात्याच्या बाजूने", म्हणजे नंतर ऐकताना गोंधळ होत नाही. चार बोटांवर पट्ट्यांची खटखट सुरांच्या पुढे येत होती. शिवाय माईकच्या जवळचे दोन-तीन सूर मोठे आणि बाकीचे लांब, असा तो सगळा सप्तकच कलंडला होता. भात्याच्या बाजूने हवेचा फसफसाट आणि घडीची करकर. चार फुटांवरून खोलीच जास्त. सगळ्यांत बरी जागा निघाली ती पेटीच्या वर साधारण दीड फूट, भात्यापासून दूर, किंचित माझ्या बाजूला. तिथे तिन्ही सप्तकं सारखी ऐकू येतात, आणि भात्याची चाहूल लागते तेवढीच लागते. ती पूर्ण घालवायची नाही. भाता आत जाऊन परत फिरतो त्या क्षणी नवख्यांचा सूर हलतो, आणि तो हलू न देणं हाच तर पहिल्या महिन्याचा धडा.

बोलण्यासाठी वेगळा माईक हवा का? माझं काम एकावर भागतं. कॉलर माईक बहुतेक वेळा सगळ्या दिशांनी ऐकतो, म्हणून तो मी तोंड आणि पेटी यांच्या मधे कुठे लावायचा एवढंच ठरवते. पेटी बोलण्यापेक्षा मोठी वाजते, तेव्हा माईक गळ्याजवळ वर. दोन बोटं खाली सरकवला तरी पेटी पुढे येते. वर-खाली करून एकदा जागा सापडली की त्या जागेवर कपड्याला आतून खडूची खूण करून ठेवते. वायरला एक सैल वेढा देऊन तो चिमट्यात अडकवायचा, नाहीतर हात हलला की ओढ थेट माईकला बसते. बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवते, कारण भाता मारणाऱ्या हातातली किणकिण प्रत्येक ठोक्याला ऐकू येते.

माईक विकत घेताना पिन बघा. माझा पहिला माईक फोनला लावला तर काहीच रेकॉर्ड होईना. तो खराब नव्हता, कॅमेऱ्यासाठीचा होता. पिनवर काळ्या रेघा दोन असतील तर ती कॅमेऱ्याची, तीन असतील तर फोनची. फोनला गोल भोकच नसेल तर जोडणी लागते, आणि ती नुसता आवाज बाहेर देणारी नको, माईकही आत घेणारी हवी.

खोलीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे जवळजवळ काही खर्च न करता सगळ्यांत जास्त फरक पडतो. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे 'टर्रर्र' असा बारीक थरथराट आला, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकताहेत. माझ्या खोलीत तो फार होता. आता मी कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसते, आणि कॅमेऱ्याच्या मागे कपडे वाळत घालायच्या स्टँडवर दोन जाड गोधड्या टाकते. गोधडी भिंतीला चिकटवू नका. भिंतीपासून वीतभर पुढे असली की ती जास्त आवाज शोषते. पेटीखाली सतरंजी. पातळ फोमचे चौकोन मी लावून पाहिले आणि काढले. ते फक्त वरचा, बारीक आवाज खातात. खालचा तसाच घुमत राहतो आणि पेटी डब्यात बसल्यासारखी वाटते.

पंखा बंद. फोन एअरप्लेन मोडवर. लॅपटॉप वापरत असाल तर चार्जर काढून बघा, बारीक 'हूं' अनेकदा तिथूनच येतो. फ्रिज बंद केला तर घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवते, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय मी घराबाहेर पडूच शकत नाही. प्रकाशासाठी खिडकीसमोर बसते, त्यापलीकडे मी काही केलेलं नाही.

रेकॉर्डिंगची पातळी ठरवताना सगळ्यांत जोरकस जागा आधी वाजवून घ्या. काटा -१२ ते -६ डेसिबलच्या मधे राहिला पाहिजे. शून्याला आपटला की लाटेचं डोकं कापलं जातं आणि ते परत मिळत नाही. हळू रेकॉर्ड झालेलं नंतर वाढवता येतं. अ‍ॅपमध्ये सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, ४८ किलोहर्ट्झ निवडा, व्हिडिओसाठी तोच वापरतात. प्रत्येक नमुन्याची बारकाई २४ बिट मिळत असेल तर तीही घ्या. ऐकायला हेडफोन वायरचाच. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो, आणि त्याचा माईक चालू केला की दर्जा फोनकॉलचा होतो.

दोन फोन म्हटल्यावर आवाज आणि चित्र जुळवणं आलं. दोन्ही सुरू केले की कॅमेऱ्यासमोर एक टाळी. चित्रात तळवे भिडतात ती चौकट (फ्रेम) आणि आवाजातलं टोक एकावर एक आणायचं. सेकंदाला २५ चौकटी असतील तर एक चौकट ४० मिलिसेकंदांची, आणि पट्टी दाबणाऱ्या बोटात दोन-तीन चौकटींचा फरकसुद्धा डोळ्यांना खुपतो. दोन उपकरणांची घड्याळं तंतोतंत एक नसतात, म्हणून लांबलचक रेकॉर्डिंगमध्ये शेवटी सूर बोटांच्या पुढे-मागे जातो. मी दहा मिनिटांच्या आत तुकडा संपवते आणि शेवटी आणखी एक टाळी देते, तपासायला.

पुढचं काम ऑडॅसिटीमध्ये. आवाज कापण्या-जोडण्याचं हे मोफत सॉफ्टवेअर डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू केलं, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवरही ते कुरकुर न करता चालतं. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला पाच सेकंद मी हालचाल न करता गप्प बसते. ती शांतता निवडून 'नॉइज रिडक्शन'ला नमुना म्हणून देता येते. पण इथे तोच जुना धोका पुन्हा समोर येतो. जास्त दिलं की धरलेला सा पाण्याखाली गेल्यासारखा होतो. मी ६ डेसिबलच्या पलीकडे जात नाही, आणि गोधड्या टाकल्यापासून बहुतेक वेळा ते लागतही नाही. फक्त बोलण्याच्या तुकड्यांत ८० हर्ट्झच्या खालचं कापते. पेटीला ती कात्री लावत नाही, खर्जाचे सूर दुबळे होतात. आवाज विनाकारण फुगवतही नाही. यूट्यूब फार मोठ्या आवाजाचे व्हिडिओ साधारण -१४ एलयूएफएसवर (आवाज कानाला एकूण किती मोठा वाटतो त्याचं हे माप) आणून ठेवतं, त्यामुळे फुगवून फायदा काही नाही, वाजवण्यातली चढ-उतार मात्र जाते.

शेवटी फोनच्या उघड्या स्पीकरवर ऐकायचं, कारण बरेच विद्यार्थी तसंच ऐकतात. तिथे खर्ज जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून खर्जाचा धडा असला की सुरुवातीलाच हेडफोन लावायला सांगते, आणि तोच सूर एकदा मधल्या सप्तकातही वाजवून दाखवते.

हे सगळं बसल्यावर मी पहिला धडा पुन्हा रेकॉर्ड केला. तीच पेटी, काळी एकचा तोच सा, वीस सेकंद. तो त्या विद्यार्थिनीला पाठवला. संध्याकाळी तिचा मेसेज आला, "ताई, आता शेवटपर्यंत ऐकू येतो. बाराव्या सेकंदाला भाता परत फिरताना किंचित हलला, हो ना? माझा पण तिथेच हलतो."

मी लावून पाहिलं. बाराव्या सेकंदालाच हलला होता.